उद्दिष्ट क्रमांक पाच

चित्रालयच्या मागे, बोईसर
२ जानेवारी २०२५

ताई,

पत्र बघून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही, मला कावीळ झालेली नाही, मी पळून जाऊन लग्नही केलेलं नाही. मी फक्त नोकरी सोडली आहे.

आईला लगेच सांगू नकोस. तिला वाटतं मी बोईसरला साहेब आहे. सहा वर्षं मी फवारणीच्या औषधांच्या डब्यांची लेबलं केली. म्हणजे सहा वर्षांत मी एकच चित्र काढलं, कवटी आणि तिच्याखाली दोन हाडं, लहान, मध्यम आणि मोठ्या आकारात. एका दुपारी ती कवटी माझ्याकडे बघून हसते आहे असं वाटलं आणि मी राजीनामा लिहून दिला. आमचे कदमसाहेब माणूस चांगला. म्हणाले, "एक वर्ष कर काय करायचं ते. काही जमलं नाही तर पुढच्या एक जानेवारीला हजर हो. तोवर खुर्ची ठेवतो, त्यानंतर नाही." तेव्हा मी आता स्वतंत्र कलाकार आहे, एकतीस डिसेंबरपर्यंत.

मुंबईचे कलाकार वर्षाच्या सुरुवातीला उद्दिष्टं ठरवतात. मीही ठरवली. ती कोणाला तरी कळवली की मागे फिरता येत नाही म्हणतात, म्हणून तुला कळवतो.

१. वर्षभर वारली काढायची नाही. गोल नाही, त्रिकोण नाही, तारपा वाजवणारा नाही. मी वारली आहे असं कळलं की लोक लगेच मला भिंत दाखवतात. देशपांड्यांना भेटल्याबरोबर कोणी कीर्तन करून दाखवा म्हणत नाही.

२. पांढरा सोडून सगळे रंग.

३. एक मोठं चित्र, आठ फूट बाय पाच. कारखान्याच्या गेटवर सकाळची माणसं. नाव 'पाळी'.

४. रोज एक रेखाटन.

५. डिसेंबरपर्यंत मुंबईत प्रदर्शन. हे झालं तर मी कवटीकडे परत जाणार नाही. नाही झालं तर जावं लागेल. बाकीची सहा उद्दिष्टं खरं तर याचीच पोरं आहेत.

६. फोन कमी, पत्रं जास्त. तसंही तुम्हाला रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तेव्हा यात तुझ्या गुडघ्यांचंही हित आहे.

७. आपलं काम दाखवून कोणाला 'कसं वाटलं' असं विचारायचं नाही.

उद्दिष्टं कशी वाटली ते कळव.

धीरज


डोंगरपाडा, मनोरकडे
१५ जानेवारी २०२५

धीरज,

तुझं पत्र अकरा दिवसांनी मिळालं. एसटीने बोईसरहून यायला दोन तास लागतात, तेव्हा ते वाटेत मुंबई बघून आलं असावं. रामू पोस्टमन म्हणाले, "हातानं लिवलेलं हाय. कोन गेलं?" कोणी नाही म्हटलं तर त्यांना पटलं नाही. मी वाचून होईपर्यंत ते ओट्यावर बसून राहिले.

उद्दिष्टं वाचली. अंगणवाडीत मला अकरा वर्षं झाली, त्यामुळे उद्दिष्ट म्हणजे काय हे तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं. उद्दिष्ट वरून येतं. ते कोणी ठरवलं ते कोणालाच माहीत नसतं, पण महिनाअखेर ते पूर्ण झालेलं असतं. तू स्वतःच ठरवलंस आणि स्वतःलाच दिलंस, म्हणजे वरचाही तू आणि खालचाही तू. असं मी पहिल्यांदाच बघते आहे.

जुन्या लसीकरण रजिस्टरची मागची पानं कोरी होती. त्यावर तुझं नाव घालून रकाने आखले: उद्दिष्ट, साध्य, टक्के, शेरा. दर महिन्याला अहवाल पाठव. एक सूचना, साध्य कधी शंभर टक्के लिहू नये. आमच्या पर्यवेक्षिका बाईंना संशय येतो. ब्याण्णव लिहावं.

आता शंका. क्रमांक एक हे 'न करणे' आहे. न केलेल्याचे टक्के कसे काढायचे? क्रमांक सात तू त्याच पत्राच्या शेवटच्या ओळीत मोडलं आहेस. शेरा लिहिला: सुरुवात असमाधानकारक.

आणि चित्राचं नाव 'पाळी' ठेवू नकोस. दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी मी मोठ्या मुलींची बैठक घेते, तिचा विषय तोच असतो.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "चितरं काडाला नोकरी सोडली? चितरं त इथंपन काडता आली असती." मग जरा वेळाने म्हणाली, "जेवतं का नीट?"

लाडकी


बोईसर
२८ फेब्रुवारी २०२५

ताई,

अहवाल. क्रमांक चार: एकोणसाठ दिवसांत एकतीस रेखाटनं. क्रमांक दोन: उत्तम, एवढे रंग एका खोलीत मावत नाहीत, काही चादरीवर आहेत. क्रमांक तीन: कॅनव्हास ताणून झाला. चित्राच्या नावाबद्दलची तुझी सूचना पटली. नुसतं 'पाळी' मोघम वाटत होतं. सकाळी सातच्या शिफ्टचं चित्र आहे, म्हणून 'पहिली पाळी' केलं आहे.

क्रमांक एकची मात्र परीक्षा झाली. इथल्या एका कारखान्याला मार्चच्या सुरक्षा सप्ताहासाठी कंपाउंडची भिंत रंगवून हवी होती. साहेबांचा फोन, "वो वारलीवाले आर्टिस्ट आप ही हो ना? हेल्मेट पहनके नाचनेवाले लोग चाहिए." मी म्हटलं, मी वारली आहे, पण वारलीवाला नाही. त्यांनी फोन ठेवला आणि माझ्या खोलीतल्या भाग्येशला लावला.

भाग्येशबद्दल लिहिलं होतं का? त्याचे वडील वीज प्रकल्पावर होते, मूळचे परभणीचे. हा दुकानांच्या पाट्या आणि 'धोका, ४४० व्होल्ट' रंगवतो. अक्षर झकास. पण माणूस काढायला घेतला की त्याचं मडकं व्हायचं, म्हणजे घडा वरती आणि पाय बाजूला. संध्याकाळी चहा घेताना रडकुंडीला आला होता. मी काड्यापेटीतल्या काड्यांचे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून मांडले आणि वर शर्टाचं बटण ठेवलं. बाकी काही केलं नाही. भिंत त्याने रंगवली. सदतीस माणसं हेल्मेट घालून नाचत आहेत, अग्निशामक सिलिंडरभोवती.

तेव्हा क्रमांक एक अबाधित. मी काढलं नाही, काड्या मांडल्या.

धीरज


डोंगरपाडा
१२ मार्च २०२५

धीरज,

'पहिली पाळी' वाचून मी रजिस्टर मिटलं आणि मागच्या दाराने बाहेर जाऊन हसून आले. जिवलीबाई, आमच्या मदतनीस, विचारायला आल्या म्हणून त्यांना सांगितलं. आता त्या हसत आहेत आणि खिचडी लागली आहे. अरे, त्याच नावाचं पोस्टर आमच्या भिंतीवर आहे, आरोग्य खात्याचं. 'सात ते तीन' ठेव आणि विषय संपव.

काड्या मांडण्याबद्दल शेरा: आई तुला शिकवायची तेव्हा तीही अंगणात काडीनेच रेघा ओढायची. त्याला शिकवणं म्हणतात. क्रमांक एक, पन्नास टक्के.

आई विचारते, तिकडे पाणी उकळून पितोस का.

लाडकी


बोईसर
२७ एप्रिल २०२५

ताई,

तुझ्या पन्नास टक्क्यांना फळ आलं, पण दुसऱ्याच्या झाडाला.

मुंबईहून हेमांगी मॅडम आल्या होत्या. त्या प्रदर्शनं भरवतात, मोठं नाव आहे. त्यांनी कोणाच्या तरी मोबाइलवर भाग्येशच्या भिंतीचा फोटो बघितला आणि 'तो वारली कलाकार' शोधत आल्या. भिंतीसमोर अर्धा तास उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "किती अस्सल आहे." भाग्येश म्हणाला, "मॅडम, मी परभणीचा आहे." त्यांनी तेही लिहून घेतलं.

मग मी त्यांना खोलीवर नेलं. 'सात ते तीन' अर्धं झालं आहे. त्यांनी ते नीट बघितलं, जवळून, लांबून, चष्मा काढूनही. म्हणाल्या, "रंग चांगले आहेत. पण यात तुम्ही कुठे आहात?" मी दाखवलं, डावीकडून चौथा, सायकलवाला. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. त्यांना माझी मुळं हवी होती. मी म्हटलं, मॅडम, मी सहा वर्षं याच गेटातून आत गेलो, मुळं फुटायला तेवढं पुरे. त्या हसल्या आणि चहा पूर्ण न पिता उठल्या.

जाताना आईचं नाव काढलं. आईची जुनी चित्रं त्यांनी कुठेतरी पाहिली आहेत. तुमचा पत्ता मागितला, मी दिला. आईने काढणं सोडलं हे सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मीच सांगितलं नाही. मला तेवढ्यात वाटलं, आईच्या ओळखीने का होईना, माझा विचार करतील. लाज वाटते आहे, पण तुला खरं लिहितो.

मेमध्ये तू आईची औषधं घ्यायला येशील तेव्हा बोलू.

धीरज


डोंगरपाडा
२० जून २०२५

धीरज,

मॅडम येऊन गेल्या. बूट चिखलात रुतले, एक जिवलीबाईंनी काढून दिला.

त्यांनी आईला नवीन चित्र मागितलं. आई म्हणाली, "माजा हात कापतं. आता माजं पोर काडतं." मॅडमनी विचारलं, "म्हणजे धीरज ना?" आई बाहेर कोंबड्यांकडे बघायला लागली. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तोवर मॅडमनी वहीत काहीतरी लिहून वही मिटली होती. पुन्हा येईन म्हणाल्या.

तुझा मे महिन्याचा अहवाल आला नाही. आमच्याकडे अहवाल आला नाही तर काम झालं नाही असं धरतात. काम झालं आणि अहवाल नाही, यापेक्षा काम नाही आणि अहवाल आहे हे बरं.

बाकी ठीक. भात पेरून झाला. जास्त लिहायला वेळ नाही, हात भरलेले आहेत.

लाडकी


बोईसर
८ सप्टेंबर २०२५

ताई,

तुझी पत्रं आखूड होत चालली आहेत. तब्येत बरी आहे ना? मेमध्ये आलीस तेव्हाही थकलेली दिसत होतीस. सकाळी गेटसमोरच्या टपरीवर दीड तास नुसती बसून होतीस, चहा गार झाला तरी. मी डॉक्टरकडे चल म्हटलं तर नाही म्हणालीस. रक्त तपासून घे.

'सात ते तीन' पूर्ण झालं. दोनशे अकरा माणसं, एकोणतीस सायकली, एक कुत्रा. शेवटचा रंग लावला आणि मी आणि भाग्येश ते बाहेर काढायला गेलो. दारातून निघतं. पण समोर तीन फुटांची गॅलरी आहे, तिथे ते वळत नाही. पुढे भिंत, मागे खोली, मधे चित्र. दोघांनी तासभर झटापट केली. शेवटी पुन्हा आत ठेवलं. आता मी त्याच्या मागे झोपतो.

फोटो काढून अकरा गॅलऱ्यांना पाठवले. दहांनी उत्तर दिलं नाही. हेमांगी मॅडमनी अंगठा पाठवला, वर केलेला. त्याचा अर्थ चांगलं आहे असाही होतो आणि पोचलं असाही. मी तीन दिवस त्या अंगठ्याकडे बघत होतो.

कदमसाहेब परवा रस्त्यात भेटले. म्हणाले, "खुर्चीवर नवीन गादी घातली आहे." बिचारे प्रेमाने म्हणाले.

मला भीती वाटते ताई. कवटीची नाही. मी वाईट काढतो असं कोणी म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. पण कोणी तसं म्हणतच नाही. सगळे म्हणतात छान आहे, आणि मग विचारतात वारली आहे का काही.

धीरज


डोंगरपाडा
३ ऑक्टोबर २०२५

धीरज,

माझं रक्त ठीक आहे.

क्रमांक पाचची एवढी काळजी करू नकोस. वर्ष संपायला अजून तीन महिने आहेत. मागच्या वर्षी आम्हाला पाच परसबागांचं उद्दिष्ट होतं. पाड्यावर परसबाग एक, सुका काकांची, तीही दुधीची. फोटो मात्र पाच गेले. एक समोरून, एक मागून, एक विहिरीच्या बाजूने, एकात जिवलीबाई उभ्या, एकात त्या बसलेल्या. बाईंनी कौतुक केलं. दुधी सगळीकडे सारखाच कसा, एवढं विचारलं, तर मी म्हटलं बी सरकारी आहे.

सांगायचं एवढंच की उद्दिष्ट पूर्ण होतं. कोणी केलं ते वर कोणी बघत नाही.

आई मजेत. तुझं चित्र खोलीत अडकलं हे ऐकून पहिल्यांदाच तुझ्या कामाबद्दल हसली.

लाडकी


बोईसर
२२ नोव्हेंबर २०२५

ताई,

हे काय आहे?

आज कुरियरने आमंत्रण आलं. मुंबईत प्रदर्शन, नाव 'मातीची मुळं', उद्घाटन तेरा डिसेंबर. आत अकरा कलाकारांची यादी, त्यात सहावं नाव माझं. धीरज वावरे, 'गेट', कापडावर गेरू आणि तांदळाचं पीठ. सोबत मॅडमची चिठ्ठी, "अखेर तुम्ही स्वतःला सापडलात."

मी गेरूला हात लावलेला नाही. वर्षभर पांढरा रंग विकत घेतलेला नाही. भाग्येशला आनंद झाला, त्याने पेढे आणले, मी दोन खाल्ले आणि मग मला कळलं की हे पेढे कशाचे आहेत.

आईचा हात कापतो. मग पाड्यावर दुसरं कोण आहे?

मॅडमना फोन करणार होतो. आधी तुझं उत्तर येऊ दे.

धीरज


डोंगरपाडा
३० नोव्हेंबर २०२५

धीरज,

हो, मी काढलं.

मॅडम सप्टेंबरच्या शेवटी परत आल्या. त्यांना धीरजचं चित्र हवं होतं. तुझं डिसेंबरपर्यंत प्रदर्शनाचं उद्दिष्ट होतं आणि तुझं चित्र खोलीतून निघत नव्हतं. उद्दिष्ट कमी पडत असेल तर सेविका काय करते ते तुला लिहिलं होतं. माझ्याकडे कापड तयार होतं, दिलं. खाली नाव तुझं घातलं. तुझ्यासाठी केलं.

रजिस्टरप्रमाणे तू कुठे चुकलेला नाहीस. क्रमांक एक, वारली काढली नाही, पूर्ण. क्रमांक पाच, प्रदर्शन, तेही पूर्ण. अशी दोन उद्दिष्टं एकाच वेळी पूर्ण झालेली मी खात्यात कधी पाहिली नाहीत.

तू जा. शर्ट इस्त्री कर. कोणी काही विचारलं तर 'आमच्याकडे असंच असतं' एवढं म्हण, शहरातली माणसं त्यावर गप्प होतात. खुर्चीवर परत जावं लागणार नाही, मग राग कशाला?

लाडकी


बोईसर
१५ डिसेंबर २०२५

ताई,

गेलो होतो. शर्ट इस्त्री केला होता.

तुझं चित्र आत शिरल्या शिरल्या समोरच लावलं आहे. मी आठ फुटांवर दोनशे अकरा माणसं काढली, प्रत्येकाचं नाक काढलं. तू तीन फुटांच्या कापडावर तीच माणसं गुंडाळीत फिरवलीस, तारप्याच्या नाचात फिरतात तशी, डबे आणि सायकली घेऊन, आणि मधोमध तारपा वाजवणाऱ्याच्या जागी वॉचमन शिट्टी घेऊन उभा. मी सहा वर्षं त्या रांगेत होतो. रोज सकाळी तो वॉचमन आम्हाला नाचवत होता हे मला कधी दिसलं नाही. आधी मला राग आला, मग लाज वाटली, मग भूक लागली, म्हणून मी दोन सामोसे खाल्ले आणि परत येऊन उभा राहिलो.

लोक येऊन हात मिळवत होते. मी हात देत होतो. मॅडमनी बाजूला घेतलं. म्हणाल्या, पुढच्या वर्षी फक्त धीरज वावरे, एकट्याचं प्रदर्शन, पंधरा चित्रं. ताई, मी हो म्हटलं. खरं लिहितो, लगेच हो म्हटलं. तू सांगितलं होतंस तसंच चाललं होतं सगळं. मी मनात हिशेब करत होतो की पंधरा चित्रं तुझ्याकडून कशी काढून घ्यायची.

मग एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. बराच वेळ बघत राहिले. त्यांनी विचारलं, "सगळी माणसं आत चालली आहेत, ही एकच आकृती उलटी का चालली आहे?" मी बघितलं तर खरंच, बाहेरच्या फेऱ्यात एक उलटी चालत होती. मला दिसलीच नव्हती. 'आमच्याकडे असंच असतं' म्हटलं, तर ते म्हणाले, "असंच नसतं. कोणीतरी मुद्दाम काढली आहे." आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले.

मी म्हटलं, मला माहीत नाही. हे चित्र माझं नाही, माझ्या बहिणीचं आहे.

हा प्रामाणिकपणा नव्हे. एखादा दुसरा प्रश्न विचारला असता तर मी निभावून नेलं असतं. पण मला उत्तर येत नव्हतं आणि ज्याने काढलं त्याला ते येतं हे त्या म्हाताऱ्याला कळत होतं.

मॅडम आधी रागावल्या. मग पाच मिनिटांत त्यांचा चेहरा उजळला. "बहीण? अंगणवाडी सेविका? पाड्यावरच राहतात?" त्यांनी वही काढली. पाटीवरचं माझं नाव तिथल्या तिथे पांढऱ्या चिकटपट्टीने झाकलं आणि पेनाने तुझं लिहिलं. पुढच्या वर्षीचं प्रदर्शन आता तुझं आहे, हवं असेल तर. नंबर सोबत पाठवतो, टेकडीवर जाऊन फोन कर.

मी कदमसाहेबांना सांगितलं, एक तारखेला हजर होतो.

तू माझ्यासाठी एवढं केलंस आणि मी ते भर सभेत मोडलं, रागावू नकोस. पण मला एक सांग, ती उलटी कोण चालली आहे?

धीरज


डोंगरपाडा
२४ डिसेंबर २०२५

धीरज,

रागावलेली नाही. तुझं पत्र चार वेळा वाचलं, मग उत्तर लिहायला बसले. दोन कागद फाडले.

तुझ्यासाठी केलं असं मी लिहिलं होतं, ते खोटं आहे. कापड तयार होतं ते मॅडमसाठी नव्हतं आणि तुझ्यासाठी तर नव्हतंच. मे महिन्यात तुझ्या गेटसमोर बसले होते ती थकले म्हणून नाही. बघत होते. घरी आल्यावर जून-जुलैभर मुलं घरी गेली की अंगणवाडीचं दार ओढून घेऊन काढलं. ते कोणाला दाखवायचं मनात नव्हतं, तुलाही नाही. मॅडम परत आल्या आणि त्यांनी धीरजचं चित्र मागितलं. लाडकीचं कोणी मागितलं नव्हतं. मग मी तुझं नाव घालून दिलं, कारण मला ते भिंतीवर लागलेलं बघायचं होतं. नाव कोणाचं का असेना, असं तेव्हा वाटलं. आमंत्रणावर तुझं नाव छापून आलं आणि तू पेढे खाल्लेस हे वाचलं तेव्हा कळलं की तसं नाही. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

आईने 'माजं पोर काडतं' म्हटलं तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली होती. रोज दाराच्या फटीतून तिने सगळं बघितलं होतं. मॅडमनी तुझं नाव घेतलं तेव्हा ती थांबली होती, मी बोलेन म्हणून. मी चहा ठेवायला गेले.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत मला ए ग्रेड होता आणि तुला बी. हे घरात कोणी काढत नाही. पुढे शिकायला एकालाच पाठवता येत होतं, तुला पाठवलं. तुझा दोष नाही, तू तेरा वर्षांचा होतास. पण कधीतरी तुझ्या लक्षात येईल असं मला वाटत होतं.

उलटी चालते ती बाई आहे, अंबाडा नीट बघ. ती मी. सगळी माणसं आत जात होती आणि मला परत पाड्यावर जायचं होतं, एवढंच आहे त्यात.

तुझं 'सात ते तीन' चांगलं आहे. मेमध्ये अर्धवट बघितलं तेव्हा मला हेवा वाटला. चित्राचा नाही. तुला दार लावून एवढं मोठं काही काढत बसता येतं, याचा. नोकरीवर जातोस ते जा, पण त्याच्या मागे झोपणं बंद कर आणि चौकट सोडवून कॅनव्हास गुंडाळून बाहेर काढ. साडेतीन महिन्यांत तू आणि भाग्येश, दोघांपैकी एकालाही हे सुचलं नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

रविवारी टेकडीवर जाऊन मॅडमना फोन केला. मी हो म्हटलं. आमच्या बाईंना विचारलं नाही, आईला विचारलं नाही, तुलाही विचारलेलं नाही. पाच जानेवारीला त्यांनी मुंबईला बोलावलं आहे. मी एकटी मुंबईला कधी गेलेली नाही, तेव्हा साहेबांकडून एक दिवसाची रजा घे आणि मला घेऊन चल. तिकीट तू काढ, रस्ता तू विचार, दार तू उघड. आत गेल्यावर मॅडम सवयीने तुझ्याकडे बघून प्रश्न विचारतील. तेव्हा तू उत्तर द्यायचं नाहीस. माझ्याकडे बघायचं.

लाडकी वावरे